फांगत्सुनच्या चहाबाजारात चाखत फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वांगझौच्या फांगत्सुन बाजारात मी मराठी पाहुण्यांना चहा चाखायला घेऊन जाते. कुणी कँटन फेअर या इथल्या मोठ्या व्यापारी मेळ्यासाठी आलेलं असतं, कुणी इथे नोकरी करणाऱ्या मुलाकडे. येण्याआधी आणि परत गेल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा बाजार नक्की आहे कुठे, आणि फेरीत काय असतं?

मोती नदीच्या नैऋत्येकडच्या काठावर, शहराच्या लिवान भागात. मेट्रोच्या १ नंबर लाइनवर फांगत्सुन नावाचंच स्टेशन आहे. चहाचा हा चीनमधला सर्वांत मोठा घाऊक बाजार मानला जातो. इथे एक मोठी इमारत शोधू नका. गल्लीमागून गल्ली, आणि प्रत्येक दुकानात एक चहाचं टेबल. बरीचशी दुकानं चाओझौ किंवा आनशीकडच्या घराण्यांची आहेत. दाराशी बसून बायका बांबूच्या ताटात चहाच्या पानांतले देठ वेचत असतात, आपल्याकडे तांदूळ निवडतात तशा.

आपण सकाळी निघतो, चार दुकानांत बसतो, साधारण साडेतीन तास लागतात. गट सहा जणांचाच असतो, कारण टेबलाभोवती तेवढेच नीट बसतात आणि एका गायवानात (चहा भिजवायच्या झाकणाच्या वाटीत) तेवढ्यांचाच चहा होतो.

२. मला चहातलं काहीच कळत नाही. येऊन उपयोग आहे का?

आहे. किंबहुना ज्यांना नावं माहीत नसतात त्यांची जीभ मोकळी असते. पहिल्या दुकानात मी कुठल्याही चहाचं नाव किंवा भाव सांगत नाही. आधी प्या, मग भिजलेली पानं बशीत पसरून बघा, मग नाव. नाव आणि किंमत आधी कळली की माणूस चहा पीत नाही, ऐकलेली गोष्ट पितो.

३. चिनी चहाचे प्रकार तरी किती? सगळे वेगवेगळ्या झाडांचे असतात का?

नावं हजारोंनी आहेत, झाड एकच: कॅमेलिया सायनेन्सिस. प्रकार ठरतो तो तोडणीनंतर पानाचं काय केलं यावर. प्राध्यापक चेन च्वान यांनी १९७९ मध्ये मांडलेली सहा वर्गांची पद्धत आज सगळा बाजार वापरतो.

हिरव्या चहात पान तोडल्यावर लवकरच कढईत किंवा वाफेवर तापवतात, म्हणजे ते काळवंडत नाही. हांगझौचा लुंगजिंग चपटा असतो, कारण कारागीर गरम कढईत तो तळहाताने दाबत परततो. त्याचा वास मला दरवेळी शेतात भाजलेल्या हरभऱ्याच्या हावळ्याची आठवण करून देतो. पांढऱ्या चहाला जवळजवळ काहीच करत नाहीत. फूदिंग आणि चंगह भागातल्या कळ्या-पानं नुसती सुकवतात. पिवळा चहा हिरव्यासारखाच सुरू होतो, पण मध्ये कोमट असताना गुंडाळून ठेवतात, त्याने तुरटपणा उतरतो. तो फार थोडा होतो आणि फेरीत दरवेळी मिळेलच असं नाही.

ऊलुंग हा मधला, आणि सर्वांत मोठा पसारा त्याचाच. पान हलवून हलवून कडा खरचटवतात, कडा तांबूस होतात, मधला भाग हिरवा राहतो, मग आच देऊन ती क्रिया थांबवतात. आनशीचा तियेग्वानयिन, वूयी डोंगरातला दा हुंग पाओ आणि आमच्या ग्वांगदुंग प्रांतातला फंगहुआंग दानत्सुंग हे तिन्ही ऊलुंगच, पण एकापुढे एक प्यायलात तर ते एकाच वर्गातले आहेत यावर विश्वास बसणार नाही. भिजलेलं पान उलगडून बघा, हिरव्या पानाला लालसर किनार दिसते, जरीकाठासारखी. भाजणी जोरदार असेल तर मात्र ती किनार काळवंडून जाते.

लाल चहात पान पूर्ण तांबूस होऊ देतात. उरला गडद चहा, म्हणजे पुअर आणि त्याचे भाऊबंद. तो सूक्ष्मजीवांच्या मदतीने मुरतो. त्यासाठी प्रश्न १२ आणि १३ बघा.

४. लाल चहा म्हणजे आपला काळा चहा ना?

पान तेच. इंग्रज ज्याला ‘ब्लॅक टी’ म्हणतात त्याला चिनी लोक हुंग छा, म्हणजे लाल चहा म्हणतात. ते पेल्यातल्या रंगावरून बोलतात, इंग्रज कोरड्या पानाच्या रंगावरून. घोटाळा पुढे आहे: चिनीत ‘हइ छा’ म्हणजे शब्दशः काळा चहा, पण तो पुअरच्या वर्गाला म्हणतात. आणि आपण मराठीत बिनदुधाच्या चहाला काळा किंवा कोरा चहा म्हणतो, म्हणजे तिसराच अर्थ. म्हणून दुकानात ‘काळा चहा दाखवा’ म्हणू नका. ‘हुंग छा’ म्हणा.

लाल चहातला सर्वांत जुना चंगशान श्याओचुंग वूयीतल्या तुंगमू गावचा. त्याचा एक प्रकार पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्याचा वास घेतल्यावर एक आजी म्हणाल्या, ‘हा तर चुलीवरच्या पाण्याचा चहा,’ आणि शेवटपर्यंत दुसरा काही प्यायला तयार झाल्या नाहीत.

५. दूध-साखर मिळेल का?

नाही, आणि मागूही नका. आपल्या घरी असते ती बहुतेक सीटीसी पावडर. आसाममध्ये १९३० च्या सुमारास निघालेल्या यंत्राने चिरडून, फाडून, वळून केलेले दाणे. उकळलं की कडक उतरते, तिला दूध पेलतं. इथलं अख्खं पान उकळायचं नसतंच. त्याचा सुगंध दुधात बुडून जातो. अमृततुल्यचा चहा आणि हा चहा यांची तुलना करू नये असं मला मनापासून वाटतं. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण आहेत.

६. आपल्या चहाचा आणि या शहराचा काही संबंध आहे का?

खूप जवळचा. ‘चहा’ हा शब्दच ‘छा’ या घराण्यातला. जगात या पेयाला एक तर ‘छा’कडून नाव मिळालं, नाहीतर फूच्येन किनाऱ्यावरच्या ‘ते’कडून.

१७५७ ते १८४२ या काळात पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त याच बंदरात व्यापाराची मुभा होती. इंग्रजांना चहा हवा होता, त्याबदल्यात द्यायला चांदी पुरत नव्हती, म्हणून भारतातली अफू आणि कापूस इकडे येऊ लागला. मुंबईच्या जमशेटजी जिजीभॉयांनी याच व्यापारात संपत्ती मिळवली आणि पुढे त्यातून दवाखान्यांना, शाळांना देणग्या दिल्या. जे. जे. हॉस्पिटल हे त्यांचंच नाव. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून याला १८४८ मध्ये चीनमध्ये पाठवून चहाची रोपं, बी आणि कारागीर भारतात नेले. दार्जिलिंगच्या मळ्यांत आजही चिनी जातीची झुडपं आहेत.

७. रिकाम्या पोटी आलं तर चालेल? रात्री झोप लागेल ना?

रिकाम्या पोटी अजिबात येऊ नका. साडेतीन तासांत चाळीस-पन्नास छोटे पेले होतात. न खाता इतका चहा पोटात गेला की हात थरथरतात, घाम सुटतो, गरगरतं. चिनी लोक याला ‘चहाची नशा’ म्हणतात. उपाय साधा: काहीतरी गोड खायचं आणि थांबायचं. माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चिक्की कायम असते. पोहे-उपमा काहीही चालेल, पण खाऊन या.

झोपेचं म्हणाल तर फेरी सकाळीच ठेवण्याचं कारण तेच. प्रत्येक पेला संपवायलाच हवा असंही नाही.

८. गरोदर असेन, किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर?

गरोदरपणात दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन घेणाऱ्यांनी ते कमी करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चाखण्याच्या फेरीत मोजमाप ठेवणं अवघड, म्हणून मी बाळंतपणानंतर या असंच सुचवते. चहा अन्नातल्या लोहाचं शोषण कमी करतो, शाकाहारी जेवणात तर जास्तच. गोळी आणि चहा यांत अंतर ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा.

९. टेबलावर बसल्यावर कसं वागायचं? भुरका मारला तर चालतो का?

चालतो, मारावाच. घोटाबरोबर हवा आत गेली की सुगंध नाकापर्यंत चढतो. ज्यांच्या आजोबांनी बशीत ओतून चहा प्यायला, त्यांना हे शिकवावं लागत नाही.

दुकानदार गायवानात, म्हणजे झाकण, वाटी आणि बशी अशा तीन भागांच्या भांड्यात, पाच-सात ग्रॅम पान घालतो, पाणी ओततो आणि काही सेकंदांत ते काचेच्या मोठ्या पेल्यात गाळतो. त्यातून सगळ्यांना सारखा कडकपणा मिळतो. तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करा. हा आभार. छ्येनलुंग बादशहा वेषांतर करून फिरत असताना त्याने सेवकाला चहा ओतून दिला, सेवकाला ओळख न उघडी करता दंडवत घालायचा होता, म्हणून त्याने बोटं वाकवली, अशी दंतकथा आहे. पेला काठोकाठ भरत नाहीत. भरलेला पेला हाताला चटका देतो, आणि तो पाहुण्याला ‘आता निघा’ असं सुचवतो.

अत्तर लावून किंवा सुपारी-तंबाखू खाऊन येऊ नका. तुमच्याबरोबर इतर पाच जणांच्या चहाचाही वास जातो.

१०. जास्मिन टीमध्ये फुलं दिसली नाहीत. मग तो नकली का?

उलट. जास्मिन म्हणजे आपला मोगराच, जास्मिनम सँबॅक. दुपारी टपोऱ्या कळ्या तोडतात. रात्री त्या उमलू लागल्या की चहाच्या पानांत थर देऊन मिसळतात. पान रातभर वास पितं. सकाळी फुलं वेचून टाकतात आणि चहा पुन्हा वाळवतात. चांगल्या मालाला हे बरेच वेळा करतात, प्रत्येक वेळी ताजी फुलं. म्हणजे पेल्यात मोगरा भरपूर, पुडीत फूल जवळजवळ नाही. पाकळ्या दिसण्यासाठीच घातलेला माल असतो, त्यात वास वरवरचा असतो. ग्वांगशीतलं हंगझौ (लुंगजिंगचं हांगझौ नव्हे) हे या मोगऱ्याचं मोठं ठिकाण.

फेरीतल्या बायका इथे हमखास थांबतात. गायवानाचं झाकण उलटं करून नाकाशी धरलं की संध्याकाळी देवळाबाहेर गजरे विकायला बसलेल्या बाईच्या टोपलीचा वास येतो, ओल्या फडक्यासकट.

११. एका चहाचं नाव ‘बदकाच्या विष्ठेचा सुगंध’ आहे म्हणे. आम्ही शाकाहारी आहोत, काय करावं?

निर्धास्त प्या. ‘या शी श्यांग’ हा फंगहुआंग डोंगरातला दानत्सुंग ऊलुंग. बदकाचा संबंध नाही. शेतकऱ्याने आपली झाडं चोरीला जाऊ नयेत म्हणून मातीला असं किळसवाणं नाव दिलं, अशी कथा सांगतात. नंतर ‘चांदीच्या फुलाचा सुगंध’ असं सभ्य नाव ठेवून बघितलं, पण लोकांनी जुनंच धरून ठेवलं. माझा हा सर्वांत लाडका चहा आहे.

खरी काळजी दुसरीकडे घ्या. दक्षिण चीनमध्ये ‘छुंग शी छा’ नावाची वस्तू मिळते. ती मात्र नावाप्रमाणेच आहे: पानांवर वाढवलेल्या अळ्यांची विष्ठा. आपल्या फेरीत ती नसते. आणि ‘दुधी ऊलुंग’ म्हणजे तैवानच्या चिनश्वेन जातीचा चहा. मुळात त्याचा सायीसारखा वास पानाचाच असतो, पण बाजारात वरून वास लावलेला मालही आहे. काटेकोर पाळत असाल तर आधी सांगा, मी दुकानदाराला विचारते.

१२. पुअरमध्ये ‘शंग’ आणि ‘शौ’ काय असतं?

शंग म्हणजे कच्चा. युन्नानच्या मोठ्या पानाचा, उन्हात वाळवलेला चहा वाफवून दाबतात आणि वर्षानुवर्षं मुरू देतात. नवा असताना तो कडू-तुरट, पण आवळा खाऊन पाणी प्यायलं की जशी मागून गोडी येते तशी घशात गोडी येते. चिनीत तिला ‘हुइ गान’ म्हणतात. आवळ्याचा दाखला दिला की मराठी माणसाला पुढचं काही समजावून सांगावं लागत नाही.

शौ म्हणजे पिकवलेला. मुरायला वीस वर्षं थांबायला नको म्हणून १९७३ मध्ये खुनमिंगमध्ये ढीग लावून, ओलावून, झाकून आंबवण्याची पद्धत बसवली. त्याचा रंग काळाकुट्ट, चव मऊ, वास पहिल्या सरीनंतरच्या मातीचा. पोटाला बहुतेकांना हाच सोसतो. इथे शेजारच्या शिनह्वेच्या छोट्या हिरव्या संत्र्यात भरलेला शौ मिळतो. सालीसकट भिजवायचा. ज्यांना नुसता मातीचा वास नको वाटतो, त्यांना तो आवडतो.

नेहमीची वडी ३५७ ग्रॅमची, सात वड्यांची एक चळत साधारण अडीच किलोची. वडीवरच्या ७५४२ सारख्या आकड्यांना लोक वर्ष समजतात. पहिले दोन आकडे ती मिसळण कोणत्या वर्षी ठरली ते सांगतात, तिसरा पानाची प्रत आणि चौथा कारखाना. ७५४२ म्हणजे १९७५ ची मिसळण. वडी कालचीही असू शकते.

१३. वीस वर्षं जुना पुअर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

बहुतेक वेळा नको. माझ्या पहिल्या वर्षी मी ‘२००३ चा शंग’ म्हणून एक वडी घेतली. रंग सुंदर तांबूस, वेष्टन पिवळं पडलेलं. घरी आणून पाच-सहा पाणी काढल्यावर पानं बशीत ओतली. ती काळी आणि ताठ होती, बोटांत चोळली तर उलगडेनात, तुकडे पडले. जुन्या शंगचं पान तपकिरी होतं, पण लवचीक राहतं. काळं आणि कडक पान म्हणजे त्यात शौ मिसळलेला. महिन्याच्या भाड्याइतके पैसे गेले. त्या दिवसापासून मी कागद वाचत नाही, भिजलेलं पान बघते, आणि फेरीतही तेच शिकवते.

कुबट, तळघरासारखा वास आला तरी नाही म्हणा. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये भिंतींना पाणी सुटतं, तेव्हा नीट न ठेवलेल्या मालाला बुरशी धरते. आणि पुअर ही गुंतवणूक आहे असं कुणी समजावलं तर २००७ लक्षात ठेवा. त्या वर्षी भाव फुगून कोसळले आणि अनेक व्यापारी बुडाले.

१४. खरा दा हुंग पाओ चाखायला मिळेल का?

‘खरा’ म्हणजे काय, यावर उत्तर अवलंबून आहे. वूयीच्या कड्यावरच्या सहा मातृवृक्षांचा असेल तर नाही. २००६ पासून त्यांची तोडणी बंद आहे, आणि २००५ च्या शेवटच्या तोडणीतला २० ग्रॅम चहा २००७ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. कुणी त्या झाडांचा म्हणून विकत असेल तर उठून या. त्या झाडांपासून कलमं करून वाढवलेला, किंवा वूयीच्या चांगल्या चहांची मिसळण करून केलेला दा हुंग पाओ मात्र सरळ मिळतो आणि तो खोटा नाही. कोळशावर भाजलेला, पितळी भांड्यात पाणी प्यावं तसा धातूसारखा गार शेवट.

१५. भाव कसे समजून घ्यायचे? घासाघीस करावी का?

आधी माप विचारा. इथे भाव ‘चिन’चा, म्हणजे ५०० ग्रॅमचा सांगतात. आपण किलोचा समजतो आणि दुप्पट फसतो. ‘ल्यांग’ म्हणजे ५० ग्रॅम, तेवढंही देतात. थोडं कमी करा म्हणायला हरकत नाही, पण निम्म्यावर आणू नका. त्यापेक्षा त्याच जातीची एक पायरी खालची प्रत चाखायला मागा. पुष्कळदा तीच बरी निघते. हिरव्या चहात छिंगमिंगआधीचा, म्हणजे ४-५ एप्रिलच्या आधी तोडलेला माल महाग असतो. तो नाजूक असतो. रोजच्या पिण्याला त्यानंतरचा दोन आठवड्यांतला घ्या, चवीला जास्त भरतो.

१६. विकत घ्यावंच लागतं का? चहाच्या नावाखाली पर्यटकांना लुटतात असं ऐकलंय.

घ्यावं लागत नाही. मी दुकानांकडून कमिशन घेत नाही, चाखलेल्या चहाचे पैसे फेरीच्या शुल्कातून देते.

लुटीची गोष्ट खरी आहे. बीजिंग, शांघायच्या पर्यटनस्थळी कुणीतरी गोड इंग्रजी बोलत ‘चला, चहाचा सोहळा बघू’ म्हणून आत नेतं आणि शेवटी हजारोंचं बिल हातात ठेवतं. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाबरोबर चहाला जाऊ नका. घाऊक बाजारातल्या दुकानात चाखायला देणं हा धंद्याचा भाग असतो, त्याचं बिल येत नाही. पण तासभर बसून महागडी वडी फोडायला लावणं मात्र बरं नव्हे.

१७. पैसे कसे द्यायचे?

अलीपे फोनवर भारतातूनच बसवून, आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून या. शंभर-शंभर युआनच्या थोड्या नोटाही ठेवा.

१८. ग्रीन टी घेतल्याने वजन कमी होतं ना?

जाहिरातीत म्हणतात तसं नाही. साखर-दुधाचा चहा सोडून हा घेतलात तर साखर कमी झाल्याचा फायदा होईल, इतकंच. ‘एक वर्षाचा पांढरा चहा म्हणजे चहा, तीन वर्षांचा औषध, सात वर्षांचा खजिना’ हेही इथले दुकानदार म्हणतात. चव म्हणून प्या, औषध म्हणून नको.

१९. घरी आणल्यावर कुठे ठेवू?

मसाल्याच्या कपाटात कधीही नाही. चहा वास ओढतो, हिंगाशेजारी ठेवलेला लुंगजिंग वाया गेलाच. हिरवा चहा आणि हलका तियेग्वानयिन हवाबंद करून फ्रीजमध्ये, बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. पुअरला थोडी हवा लागते, पण कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात उघडा ठेवलात तर बुरशी येते. जून ते सप्टेंबर बंद डब्यात, एरवी कागदात. विमानात नेताना दुकानाचं बंद पाकीट आणि पावती असू द्या.

२०. दुकानात जो चहा गोड लागला तोच घरी कडू झाला. मला दुसराच माल दिला का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि मालात बदल क्वचितच असतो. तीन गोष्टी तपासा.

पहिली उष्णता: हिरव्याला उकळतं पाणी नको, ८० अंशांच्या आसपास. उकळून झाकण काढून पाच मिनिटं थांबलात की पुरे. ऊलुंग आणि पुअरला मात्र खळखळतंच हवं. दुसरी वेळ: दुकानात १०० मिलिलिटर भांड्यात पाच ग्रॅम पान दहा सेकंदच भिजलेलं होतं, आणि तुम्ही मगात टाकून पाच मिनिटं ठेवलंत. मगच वापरायचा असेल तर पान दोन ग्रॅम घ्या. तिसरी गोष्ट पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर चहावर साय धरते आणि सुगंध मेलेला लागतो. तेव्हा फिल्टरचं किंवा कमी क्षारांचं बाटलीतलं पाणी एकदा वापरून बघा.

तरीही कडूच लागला तर भिजलेली पानं पांढऱ्या बशीत पसरा, खिडकीच्या उजेडात फोटो काढा आणि मला पाठवा. कोरड्या पानाचा नको, भिजलेल्याचा.